भाचीसोबत केलेला सीएस५०: अडलं की विचारायचं कुणाला?

माझी भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित पहिल्यापासून आवडीचं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे फलटणला आली ती प्रोग्रॅमिंगचं जर्नल घेऊनच. सुबक अक्षर, प्रत्येक प्रॅक्टिकलखाली तारीख आणि सही. "मावशी, यातला एकही प्रोग्रॅम मला माझा मला लिहिता येणार नाही," म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यातून दोन तास लॅब, एका कॉम्प्युटरवर तिघी, फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवायचा, आउटपुट आलं की सही. चुकलं तर सर येऊन स्वतःच दुरुस्त करतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. साठ पोरांमागे एकटा माणूस, तो तरी काय करणार? पण शिकायचं राहून जातं ते जातंच.

मी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे हुडकणं हेच शिकवण्यातलं खरं काम, असं मला वाटत आलंय. म्हणून जानेवारीपासून आम्ही दोघींनी हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५०एक्स, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणाऱ्या सीएस५०चा ऑनलाइन कोर्स, एकत्र सुरू केला. ती हॉस्टेलवर, मी घरी, रात्री साडेनऊला फोन. हा रिव्ह्यू लेक्चरबद्दल नाही. डेव्हिड मॅलन २००७ पासून हा विषय शिकवतात आणि टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडून बायनरी सर्च, म्हणजे दर खेपेला निम्मा भाग टाकून देत शोधणं, समजावतात, ते सगळं तुम्ही स्वतःच बघाल. मला सांगायचंय ते लेक्चर संपल्यावर काय होतं त्याबद्दल.

आधी सोय. कोर्स फुकट आहे. सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प पूर्ण केला की कोर्सचं स्वतःचं प्रमाणपत्रही फुकट मिळतं, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळाचं हवं असेल तर त्याचे पैसे पडतात. कॉम्प्युटरवर काहीच बसवावं लागत नाही. गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर खातं काढायचं, ब्राउझरमध्ये सीएस५० डॉट डेव्ह उघडायचं, की कोड लिहायचा एडिटर आणि तो चालवण्याजोगा करून देणारा कम्पायलर दोन्ही समोर हजर. भाचीचा लॅपटॉप सेकंडहँड आहे, तरी काही अडलं नाही. नेट मात्र लागतंच. लेक्चरचे व्हिडिओ डाउनलोड करता येतात आणि प्रत्येक आठवड्याच्या लेखी नोट्स असतात, त्यामुळे डेटा पुरवून वापरता येतो. आठवडे शून्य ते दहा, पण वेग तुमचा तुम्ही ठरवायचा.

आता मुख्य गोष्ट. सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला पहिलाच मोठा गृहपाठ मारिओचा. त्या खेळात असतो तसा विटांचा पिरॅमिड हॅशच्या (#) चिन्हांनी काढायचा, उजव्या कडेला टेकलेला. भाचीचा पिरॅमिड डाव्या कडेला चिकटला. तिने चेक५० हा कोर्सचा उत्तर तपासणारा प्रोग्रॅम चालवला, तर हिरव्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मध्येच लाल, रडके चेहरे आले. उणे एक उंची नाकारली, बरोबर. एक उंचीचा पिरॅमिड, बरोबर. दोनचा चूक. खाली लिहिलेलं, आम्हाला हे अपेक्षित होतं, तुमच्याकडून हे आलं. बस, इतकंच. कोणती ओळ बदलायची ते नाही सांगितलं.

मी तिला चौकटीची वही घ्यायला लावली. चार उंचीचा पिरॅमिड काढ. पहिल्या ओळीत रिकाम्या चौकटी किती? तीन. हॅश किती? एक. दुसरीत? दोन आणि दोन. तिसऱ्या ओळीपर्यंत गेलीच नाही ती, फोनवरच ओरडली, "मावशी, उंचीतून ओळ वजा!" पुन्हा चालवलं. आता आकार बरोबर, पण चेहरे लालच, कारण ओळीच्या शेवटी जास्तीच्या स्पेस पडत होत्या. डोळ्यांना दिसत नाहीत त्या, पण चेक५०ला दिसतात. तिसऱ्या खेपेला सगळे हिरवे. जर्नलमधल्या सह्या एकीकडे आणि ही हिरवी रांग एकीकडे, असं ती म्हणाली.

प्रत्येक गृहपाठाला एक छोटा मार्गदर्शक व्हिडिओ किंवा सूचना असतात. काही गृहपाठांत सोपा आणि अवघड असे दोन पर्याय असतात, ज्याला जो झेपेल तो घ्यावा. सोपा घेतला म्हणून कुणी खालच्या पायरीचं ठरत नाही. डीबग५० हे चूक शोधायचं साधन वापरून प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे सरकवत व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या नावात, काय भरतंय ते बघता येतं. भाचीला मी सगळ्यात आधी हेच शिकायला लावलं असतं, इतकं ते मोलाचं आहे.

आणि बदक. रबराच्या बदकाला आपला कोड मोठ्याने समजावून सांगायचा, सांगता सांगता चूक आपलीच आपल्याला सापडते, ही प्रोग्रॅमरांची जुनी रीत. २०२३ मध्ये कोर्सने या बदकाला एआयची वाचा दिली. ते उत्तर हातात देत नाही, उलट प्रश्न विचारतं. चॅटजीपीटीसारखं बाकी काही वापरायला बंदी आहे, बदक चालतं. रात्री अकराला, मी झोपल्यावर, भाचीने त्याला विचारलं की माझं लूप, म्हणजे अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा कोड, थांबत का नाही. त्याने विचारलं, अट खोटी कधी होईल असं तुला वाटतं? चांगला शिक्षक हेच विचारेल.

नियमांमधली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. हार्वर्डमधल्या मुलांसाठी अशी तरतूद आहे की एखाद्याने उतरवाउतरवी करून काम जमा केलं आणि ७२ तासांच्या आत स्वतःहून येऊन कबूल केलं, तर त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण पुन्हा पुन्हा तेच केलं नसेल तर प्रकरण शिस्तभंगाच्या कारवाईला जात नाही. मध्यरात्री घाबरून कॉपी केलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना परत यायला वाट ठेवली पाहिजे, ती इथे कुणीतरी लिहून ठेवलीये.

कमी काय पडतं, तेही सांगते. कॅम्पसवरच्या मुलांना शेजारी बसून समजावणारे सहायक असतात, ऑनलाइन आपल्याला ते नाहीत. चर्चेचे गट आहेत, पण सगळा कारभार इंग्रजीत. भाची प्रश्न लिहायची आणि खोडायची. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणारं व्हेरिएबल, तिथे अडलं तेव्हा आम्ही आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे सीवरचे मराठी धडे लावले. छोटे धडे, बघता बघता शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचं. शब्द ओळखीचे झाले की इंग्रजी लेक्चरची भीती निम्मी होते. माझं स्पष्ट मत आहे, हा कोर्स एकट्याने करू नका. जोडीला कुणीतरी घ्या, त्याला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल.

चौथ्या आठवड्यात एका मेमरी कार्डाच्या फाइलमधून पुसले गेलेले ५० फोटो परत मिळवायचे असतात. ५१२ बाइटचे तुकडे वाचायचे, जेपेग या फोटोच्या फाइल-प्रकाराची सुरुवातीची खूण दिसली की नवी फाइल उघडायची. पहिला फोटो उघडला तेव्हा तिने मला व्हिडिओ कॉल केला आणि तिच्यामागे हॉस्टेलच्या चार मुली वाकून बघत होत्या. त्यातल्या दोघींनी आता शून्याव्या आठवड्यापासून सुरुवात केलीये. रविवारी भाची घरी येतेय. पाचव्या आठवड्यातला शब्दकोशावरून स्पेलिंग तपासायचा गृहपाठ चालू आहे, १,४३,०९१ शब्द मेमरीत भरायचे आहेत. लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना साखळीसारखी जोडलेली यादी, मला अजून नीट कळलेली नाही, या खेपेला ती मला शिकवणार आहे.