डीबी स्पेक्ट्रमवरचा ‘एन्ड्युरो रेसर’

मोटारसायकलींच्या शर्यतीचा खेळ म्हटला की वेग आठवतो. ‘एन्ड्युरो रेसर’मध्ये मात्र खरी परीक्षा होते ती रस्त्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी. ओंडका चाकाखाली येण्याच्या किंचित आधी हँडल मागे ओढून पुढचे चाक उचलले, तर गाडी झेप घेऊन पलीकडे उतरते. उशीर झाला, तर स्वार फेकला जातो आणि पुन्हा वेग धरेपर्यंत घड्याळ काही त्याच्यासाठी थांबत नाही. सेगा कंपनीने १९८६ साली हा खेळ आर्केडमध्ये आणला, तेव्हा त्याच्या मोठ्या यंत्रावर खेळणारा खऱ्या गाडीएवढ्या सांगाड्यावर बसत असे आणि हँडल खरोखरच स्वतःकडे खेचत असे. पुढच्याच वर्षी ॲक्टिव्हिजनने तो घरगुती संगणकांसाठी काढला. त्यांपैकी झेडएक्स स्पेक्ट्रमची आवृत्ती गेले तीन आठवडे मी बडोद्यात, दांडिया बाजारातील आमच्या घरी खेळतो आहे, आणि तीही एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नव्हे, तर माळ्यावरून उतरवलेल्या मूळ यंत्रावर.

हे यंत्र म्हणजे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’, अर्थात सिंक्लेअरच्या परवान्याने डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात विकलेला संगणक. ४८ किलोबाइट स्मृती, ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर आणि एका कडेला रीसेटचे बटण, एवढाच त्याचा संसार. ज्यांच्याकडे असे यंत्र अजून पडून असेल त्यांनी ते सुरू करण्याआधी अडाप्टरकडे नीट पाहावे. त्याला नऊ व्होल्ट लागतात, पण पिनेच्या मधल्या भागात ऋण टोक असते, म्हणजे आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या अडाप्टरच्या नेमके उलटे. एका दुकानदाराने ‘नऊ व्होल्ट आहे ना, मग चालेल’ असे ठामपणे सांगून मला मध्ये धन टोक असलेला अडाप्टर दिला होता. घरी आल्यावर मीटर लावून पाहण्याची बुद्धी झाली म्हणून यंत्र वाचले. आमच्या टीव्हीवर स्पेक्ट्रमचे चॅनेल काही केल्या लागेना, तेव्हा रावपुऱ्यातील एका जुन्या कारागिराने चित्र टीव्हीच्या चॅनेलवर पाठवणारा आतला मॉड्युलेटर वगळून व्हिडिओची तार थेट बाहेर काढून दिली. त्यानंतर चित्र इतके स्वच्छ आले की १९८९ सालीही मी ते तसे पाहिले नव्हते.

खेळ पूर्वी कॅसेटवरून लोड करावा लागे. माझी कॅसेट बुरशीने गेली असल्यामुळे मी खेळाची ध्वनी-फाइल फोनमध्ये घेऊन ती ३.५ मिलिमीटरच्या तारेने यंत्राच्या ‘इयर’ खाचेत सोडतो. पडद्याच्या कडेला आधी लाल आणि आकाशी, मग निळे आणि पिवळे पट्टे धावू लागतात आणि चार-पाच मिनिटे घरात कोणी बोलेनासे होते. पहिल्या प्रयत्नात शेवटचे काही क्षण उरले असताना फोनवर कोणाचा तरी सुप्रभाताचा संदेश टिंग करून वाजला आणि पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ उमटले. तेव्हापासून फोन विमान-मोडवर टाकल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही.

खेळ सुरू झाला तेव्हा शेजारी बसलेल्या भाच्याचा पहिला प्रश्न होता, “मामा, टीव्ही बिघडलाय का?” त्याचा दोष नाही, कारण धावता रस्ता, झाडे, दगड आणि स्वार सगळे एकाच रंगात रेखलेले आहेत. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग बसतात, त्यामुळे रंगीत वस्तू एकमेकींवरून सरकल्या की त्यांचे रंग एकमेकींना चिकटतात. हा खेळ रचणाऱ्यांनी खेळाच्या भागापुरता रंगाचा नाद सोडला, आणि माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय ठरला. ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट आणि रंगांसाठी ७६८ बाइट असा या यंत्राचा हिशेब आहे. रंगांचे बाइट सतत हलवण्याच्या कटकटीतून प्रोसेसर सुटला की तो सगळा जोर रस्ता धावता ठेवण्यावर लावू शकतो. परिणामी वळण अंगावर येते, झाडे कडेने सपासप मागे जातात, आणि त्या काळातले अनेक रंगीत रेसिंग खेळ याच्यासमोर बैलगाडीसारखे वाटतात.

एकरंगीपणाची किंमतही मोजावी लागतेच. दूरवरचा ठिपका दगड आहे की ओंडका हे बरेच जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि दगड चुकवायचा असतो तर ओंडक्यावरून उडायचे असते, त्यामुळे पहिल्या काही डावांत माणूस उगाचच दोषी ठरतो. आवाजाबाबत फार अपेक्षा ठेवू नये. ४८ किलोबाइटच्या यंत्रात आवाजासाठी वेगळी चिप नाही, आतला चिमुकला स्पीकर प्रोसेसरलाच वाजवावा लागतो, आणि तो तर रस्ता रेखण्यात गुंतलेला असतो.

जॉयस्टिकवर मात्र काटकसर करू नये. केंप्स्टन पद्धतीचा इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक यंत्राला जोडणारा भाग, मागच्या खाचेत यंत्र बंद असतानाच बसवावा, कारण चालू यंत्रात तो हलला तर नुकसान होऊ शकते. मी हाच खेळ लॅपटॉपवरही खेळून पाहिला. तेथे तो काही सेकंदांत उघडतो आणि चित्रात काहीच कमी नसते, पण चाक उचलण्यासाठी एक कळ दाबायची आणि दांडा पोटाशी ओढायचा यांत तेवढेच अंतर आहे जेवढे पतंग पाहण्यात आणि उडवण्यात. भाच्याला हे माझ्याआधी उमगले. दोन दिवस तो प्रत्येक ओंडक्यावर आपटत होता, कारण तो दांडा हळूहळू मागे घेत होता. मग एकदम म्हणाला, “अरे, ही तर खेंच आहे, ढील नाही!” उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, आमच्या गच्चीवर तो खेंच मारूनच, मांजा झटक्याने ओढूनच, पेच काटतो. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला टप्पा एकदाही न पडता पार केला, माझा उच्चांक मोडला, आणि जॉयस्टिक माझ्याकडे परत यायला रात्र झाली.