युरोपची रेल्वे तिकिटे दादरमध्ये काढताना

म्युनिक ते व्हेनिस या प्रवासाची रेल्वे तिकिटे आम्ही दादर पश्चिमेच्या एका जुन्या तिकीट एजन्सीतून काढली. विमानाच्या भाड्याचा हिशेब डोक्यात ठेवून युरोपच्या रेल्वेचे नियोजन करणाऱ्यांनी तिथे एकदा जरूर जावे, असे मी मनापासून सांगेन.

विमान कंपनी बहुधा प्रवासाचे आरंभ आणि शेवटचे ठिकाण पाहून भाडे ठरवते. त्यामुळे मुंबई–फ्रँकफर्ट–म्युनिक हे तिकीट कधी कधी नुसत्या मुंबई–फ्रँकफर्टपेक्षाही स्वस्त पडते, आणि जाण्यायेण्याचे एकत्र काढले तर दर आणखी उतरू शकतो. युरोपीय रेल्वेत येण्याजाण्याचे भाडे सहसा दोन एकेरी तिकिटांची बेरीजच असते. मात्र स्वस्त जागांचा कोटा तिथेही आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरंतोला फ्लेक्सी भाडे लागू झाले, तेव्हा दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढे. जर्मन रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटातही लवकर काढणाऱ्याचाच लाभ होतो, पण ते तिकीट त्याच गाडीपुरते बांधलेले असते.

काउंटरवरील बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवून त्याच गाडीचे सवलतीचे आणि पूर्ण भाडे शेजारी शेजारी दाखवले. आम्हाला इन्सब्रुकला मुक्काम करायचा होता, म्हणून त्यांनी प्रवासाचे दोन तुकडे केले आणि बेरीज कमी भरली. त्याच वेळी त्यांनी स्पष्ट बजावले की, मुक्काम न करता त्याच दिवशी पुढची गाडी धरायची असेल तर स्वतंत्र तिकिटे काढू नयेत, कारण पहिली गाडी उशिरा पोहोचून दुसरी चुकली तर रेल्वेवर जबाबदारी राहत नाही. एकाच तिकिटावर शेवटच्या ठिकाणी पोहोचण्यास ६० मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे झाल्यास ५० टक्के भरपाई युरोपीय संघाच्या नियमाने मिळते, हेही त्यांनीच सांगितले. इतकी नेमकी माहिती देणारा एजंट मला मुंबईत क्वचितच भेटला आहे.

तक्रार एवढीच की, सेवाशुल्क तिकिटागणिक घेतले जाते, त्यामुळे तुकडे करून वाचलेल्या पैशांतला काही भाग तिथेच जातो. युरेल पासचा, म्हणजे एकाच पासवर युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेत फिरण्याच्या सोयीचा, विषयही आम्ही विचारल्यावरच निघाला. इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे मात्र त्यांनी लगेच सांगितले. रुपयांतला दर युरोच्या त्या दिवसाच्या भावावर ठरतो, त्यामुळे तारखा पक्क्या करूनच जावे.