पिपडेपट्री: लॅम्डाच्या फोल्डरवर आठ महिने चालवल्यानंतर

आमची वीसेक पायथन फंक्शन्स एडब्ल्यूएस लॅम्डावर चालतात, म्हणजे ॲमेझॉनच्या अशा क्लाउड सेवेवर जिथे स्वतःचा सर्व्हर सांभाळावा लागत नाही (सर्व्हरलेस). डिप्लॉय करण्याआधी त्यांच्या डिपेंडन्सी (कोडला लागणारी बाहेरची पॅकेजेस) लॅपटॉपवरच तपासायला गेले आठ महिने मी पिपडेपट्री वापरतोय. हे टूल खास सर्व्हरलेससाठी बनवलेलं नाही. इन्स्टॉल केलेली पायथन पॅकेजेस कोण कोणावर अवलंबून आहेत, ते झाडासारखं उलगडून दाखवतं, बस्स. ते कुठल्या फोल्डरवर चालवायचं हे कळायला मात्र मला वेळ लागला.

सुरुवातीला मी ते लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच (प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवायची जागा) चालवायचो. एकदा तिथे कसलीच तक्रार नव्हती, आणि फंक्शन क्लाउडवर पहिल्याच इम्पोर्टला कोसळलं: युआरएललिब३ (वेबवर विनंत्या पाठवणारं पॅकेज) मध्ये ‘डिफॉल्ट सायफर्स’ हे नाव सापडत नाही. ते फंक्शन कित्येक महिने कोणी बिल्डच केलं नव्हतं. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, नुसतं ‘रिक्वेस्ट्स’ (युआरएललिब३ वर अवलंबून असलेलं पॅकेज) लिहिलेलं, आवृत्ती पिन केलेली (पक्की ठरवून दिलेली) नाही. ही चूक सर्वस्वी आमची. युआरएललिब३ ची २.० आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली, तिच्यात ते नाव काढून टाकलंय, आणि नव्या बिल्डबरोबर २ ची मालिका आत शिरली. बोटो३ (एडब्ल्यूएसशी बोलणारं पॅकेज) मात्र आमच्या लेयरमधून, म्हणजे अनेक फंक्शन्सना जोडता येणाऱ्या सामायिक फोल्डरमधून यायचं, त्याच्या गाभ्याच्या बोटोकोअर १.२९ सोबत, आणि बोटोकोअरला युआरएललिब३ १.२७ च्या खालचीच लागते. लेयरमध्ये तशी होतीही. पण लॅम्डावर पायथन आधी फंक्शनचं स्वतःचं फोल्डर बघतं, मग ‘ऑप्ट’ फोल्डरमधले लेयर. त्यामुळे नवीच उचलली गेली. लॅपटॉपवर पिपने (पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) सगळं एकत्र सोडवून १.२६ निवडली होती, म्हणून तिथे सगळं आलबेल.

तेव्हापासून मी बिल्ड झालेलं फोल्डरच तपासतो. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘--पाथ’ हा पर्याय आहे आणि तो एकाहून जास्त वेळा देता येतो: पहिला फंक्शनच्या बिल्ड फोल्डरचा, दुसरा लेयरचा, याच क्रमाने. तसं चालवल्यावर झाडाच्या आधीच इशारा आला: बोटोकोअरला हवी १.२७ च्या खालची, इन्स्टॉल आहे २ ची. आता सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) ‘--वॉर्न फेल’ लावलंय. असा इशारा आला की बिल्ड तिथेच थांबतो.

रोज हाताशी लागतो तो ‘--रिव्हर्स’. एखादं पॅकेज कुणी ओढून आणलं, हे तो उलटं झाड काढून दाखवतो. लेयर धरून उघडलेल्या पॅकेजची मर्यादा २५० एमबी आहे, आणि तिच्याजवळ पोचलो की मी पहिल्यांदा नमपायवर (आकडेमोडीची जड लायब्ररी) रिव्हर्स चालवतो. एकदा अख्खं पांडाज (नमपायवर उभी असलेली डेटा लायब्ररी) आत आलं होतं, फक्त एक सीएसव्ही वाचण्यासाठी. पायथनसोबत येणाऱ्या सीएसव्ही मॉड्यूलवर ते काम झालं. मी वापरतो त्या आवृत्तीत आकार दिसत नाहीत, त्यासाठी फोल्डरचा आकार सांगणारी ‘डीयू’ कमांड वेगळी चालवावी लागते.

एक गोष्ट नीट समजून घ्या: हे टूल फक्त मेटाडेटा (पॅकेजचं नाव, आवृत्ती, त्याला काय लागतं ही माहिती) वाचतं, आतला कोड चालेल का ते बघत नाही. मॅकवर बिल्ड केलेलं पायडँटिक (डेटा तपासणारं पॅकेज) झाडात अगदी व्यवस्थित दिसतं, आणि लॅम्डाच्या लिनक्सवर त्याचा मॅकसाठी कंपाइल झालेला भाग, पायडँटिक-कोअर, सापडत नाही म्हणून फंक्शन मरतं. त्यावर उपाय म्हणजे कंटेनरमध्ये बिल्ड करणं, किंवा पिपला ‘--प्लॅटफॉर्म’ आणि ‘--ओन्ली-बायनरी’ देऊन लिनक्सची व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) आणणं. पिपडेपट्रीकडून ही अपेक्षा ठेवू नका.

दुसरं म्हणजे, जागा वाचवायला पुष्कळ जण झिप करण्याआधी ‘डिस्ट-इन्फो’ फोल्डर, म्हणजे जिथे हा मेटाडेटा असतो ते, उडवून टाकतात. ते गेले की पिपडेपट्रीला काहीच दिसत नाही. कोऱ्या आउटपुटकडे बघून सगळं ठीक आहे असं वाटतं. आमच्या एका स्क्रिप्टमध्ये तसं होतं. आता तपासणी आधी होते, ती साफसफाई नंतर.