हेलिकॉप्टर थरथरतंय: आधी पाती बदलावीत की शाफ्ट?

४५० आकाराचं, रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर एकदा आपटलं, वरवर सगळं धड दिसतंय, पण हॉव्हरला, म्हणजे हवेत एका जागी थांबवल्यावर, थरथर सुटत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात नव्या कार्बन पात्यांकडे जातो. आमच्या मते पाती दुसरी, फेदरिंग शाफ्ट, म्हणजे रोटरच्या डोक्यातून आडवा जाऊन दोन्ही पात्यांना जोडणारा दांडा, पहिला. पात्यांच्या जोडीपुढे त्याची किंमत किरकोळ आणि आपटल्यावर वाकण्यात त्याचाच नंबर आधी.

खर्चाआधी थरथर कुठली ते ओळखा. मुख्य रोटर मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्यातला दोष सेकंदाला साधारण ४७ हिसके देतो. स्किड आणि कॅनोपी हलताना डोळ्यांना दिसतात. टेल रोटर, म्हणजे शेपटीचा छोटा पंखा, चौपटीहून जास्त वेगाने फिरतो. तिथल्या दोषात उभ्या फिनची कड धूसर किंवा दुहेरी दिसते आणि जायरो (शेपूट स्थिर ठेवणारा सेन्सर) गोंधळून शेपूट डोलते. हे लक्षण असेल तर पाती आणि फेदरिंग शाफ्ट दोन्ही सोडा. टेल शाफ्ट, टेलची पाती आणि टॉर्क ट्यूबचे (शेपटीकडे फिरकी नेणाऱ्या नळीचे) बेअरिंग तपासा.

मुख्य रोटरचा संशय असेल तर मुख्य आणि टेल दोन्हीकडची पाती काढा, गव्हर्नर (रोटरचा वेग आपोआप कायम राखणारी सोय) बंद ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावून लांबून थ्रॉटल हळूहळू अर्ध्यापर्यंत न्या. थरथर तशीच राहिली तर दोष मुख्य शाफ्ट, गिअर किंवा मोटरमध्ये. मोटर सैल करून पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) गिअरपासून सरकवा आणि मोटर एकटी फिरवा. तरीही थरथरली तर तिचं बेअरिंग किंवा बेल (बाहेरचं फिरणारं कवच) बघा. या चाचणीला मैदान लागत नाही, गच्चीतही होते. लोहगावच्या धावपट्टीजवळ राहणाऱ्यांना, जिथे उडवायचा प्रश्नच येत नाही, ही मोठीच सोय.

पाती काढल्यावर थरथर थांबली, तरी दोष पात्यांचाच असं समजू नका. वाकलेला फेदरिंग शाफ्ट पात्यांचं वजन असतानाच खरा त्रास देतो. दोन्ही टोकांच्या बोल्टमध्ये ॲलन की घालून शाफ्ट फिरवा. ग्रिप (पाती धरणारे भाग) वर-खाली झाल्या तर तो वाकलाय. खात्रीसाठी बाहेर काढून काचेवर लोळवा, खालून उजेडाची फट दिसेल. सरळ करत बसू नका, बदला, आणि बोल्टला निळा थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा डिंक) लावा. मुख्य शाफ्टही असाच लोळवून कळतो. भोसरीकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळख असेल तर व्ही-ब्लॉक आणि डायल गेजवर (शाफ्टचा वाक मोजणाऱ्या साधनांवर) काम पाच मिनिटांचं.

शाफ्ट सरळ निघाला तर मग पाती. आधी प्रत्येक पातं एखाद्या पातळ कडेवर आडवं तोलून गुरुत्वमध्याची खूण करा. दोन खुणा जुळत नसतील तर एका पात्याच्या योग्य टोकाला टेप लावून त्या जुळवा. त्यानंतरच दोन्ही पाती एका बोल्टवर जोडून टांगा आणि हलक्या पात्याच्या गुरुत्वमध्यावर टेप गुंडाळा. हा क्रम उलटा केला की टांगल्यावर समतोल दिसतो आणि हवेत पुन्हा थरथर. लाकडी पाती पुण्याच्या पावसाळ्यात ओल धरतात, तेव्हा जूनमध्ये केलेला बॅलन्स ऑगस्टमध्ये पुन्हा तपासा. कार्बनला हा ताप नाही, पण टोकाला चीर दिसली तर ते पातं सरळ फेकायचं.

एक बिनपैशाची गोष्ट कायम राहून जाते: पात्यांचे बोल्ट. हेलिकॉप्टर आडवं धरल्यावर पाती जागेवर राहावीत आणि हलक्या झटक्याने खाली यावीत. एक घट्ट आणि एक सैल असेल तर वेग घेतानाच सगळं यंत्र डगमगतं.

ट्रॅकिंगसाठी, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते बघायला, टोकांना दोन रंगांची सारख्याच लांबीची टेप लावा. फिरताना वर दिसणाऱ्या पात्याची लिंक (पात्याचा कोन ठरवणारी काडी) एकेक फेरा फिरवून पिच, म्हणजे तो कोन, कमी करत न्या. ट्रॅक काही केल्या जुळत नसेल, तर तो लिंकचा दोष नसतो. पुन्हा शाफ्टकडे वळा.

जायरोखाली जाड मऊ टेप चिकटवण्याचा सल्लाही मिळतो. त्याने शेपूट गप्प बसेल, बेअरिंग मात्र झिजतच राहील.