अवकाळी पावसातली आक्षी आणि निकॉन मोनार्क एम५ ८×४२

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी पाहायला जाणारा माणूस निरभ्र आकाश गृहीत धरूनच निघतो. परंतु अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की ऐन डिसेंबरात मळभ, भुरभुर आणि सोसाट्याचा वारा वाट्याला येतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाच्या वेळी मुंबईपर्यंत हेच घडले होते. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर अशाच एका ओल्या शनिवार-रविवारी निकॉनची मोनार्क एम५ ही ८×४२ (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची) दुर्बीण वापरली. हे परीक्षण मुद्दाम त्या हवेपुरतेच ठेवले आहे, कारण स्वच्छ उन्हात या वर्गातली जवळजवळ प्रत्येक दुर्बीण समाधानकारक दिसते.

पावसाचा प्रश्न आधी निकालात काढू. या दुर्बिणीच्या नळ्या हवाबंद असून त्यांत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, आणि एक मीटर पाण्याखाली दहा मिनिटे ती टिकते असे कंपनी सांगते. किनाऱ्यावरच्या भुरभुरीला ही तयारी पुरून उरते. आतल्या भिंगांवर धुके धरले नाही. बाहेरून मात्र कोणतीही दुर्बीण धुरकटते: वातानुकूलित गाडीतून थेट दमट हवेत आणली, की थंड काचेवर बाष्प जमणारच, आणि त्याला नायट्रोजनचा काही उपयोग नाही. गाडी थांबण्यापूर्वी काही वेळ खिडक्या उघड्या ठेवणे एवढाच त्यावर इलाज आहे. शिवाय गळ्यात लटकलेल्या दुर्बिणीचे डोळ्यांकडचे भिंग आकाशाकडे वळलेले असते, त्यामुळे पाऊस नेमका तिथेच साचतो. पट्ट्यात ओवलेले आणि दोन्ही भिंगांना एकदम झाकणारे जोडटोपण या हवेत चैनीची वस्तू राहत नाही.

खरी कसोटी प्रकाशाची होती. ४२ मिलिमीटरच्या भिंगाला आठ पटींनी भागले, की डोळ्यापर्यंत पोहोचणारी प्रकाशशलाका सुमारे ५.३ मिलिमीटर रुंद मिळते. १०×४२ दुर्बिणीत तीच ४.२ मिलिमीटरवर येते. दुपारच्या उन्हात हा फरक जाणवत नाही. मळभाच्या सकाळी, राखी वाळूवर राखाडी-तपकिरी पक्षी पाहताना तो पदोपदी जाणवतो. आक्षीला वारा वाढला, की लहान चिखले (प्लोव्हर पक्षी) पावलांच्या खळग्यांत आणि चाकोऱ्यांत वाऱ्याकडे तोंड करून दबून बसतात आणि जवळ जाईपर्यंत ओल्या ढेकळांसारखे भासतात. त्यांत केंटिश प्लोव्हर कोणता आणि लेसर सँड प्लोव्हर कोणता, हे हिवाळी पिसाऱ्यात प्रामुख्याने मानेमागच्या पांढऱ्या पट्टीवरून ठरते. केंटिशला ती असते, दुसऱ्याला नसते. ही पट्टी एम५ मधून बऱ्याच अंतरावरूनही निःसंदिग्ध दिसली, आणि या दुर्बिणीच्या बाजूने हाच माझा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांच्याबाबतीत ईडी काचेचा, म्हणजे प्रकाशातले रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेचा, गुण कळतो. फिकट आकाशासमोरच्या पांढऱ्या पक्ष्याला साध्या काचेतून जांभळट कड दिसते. इथे ती चित्राच्या मध्यभागी जवळपास नाहीशी आणि कडेला किंचित आहे. वाळूवर टेकलेल्या थव्यात सँडविच सुरयाच्या काळ्या चोचीचे पिवळे टोक आणि लेसर क्रेस्टेड सुरयाची नारिंगी चोच वेगवेगळी ओळखता आली. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा फिकट डोळा मात्र दूरवरून दिसला नाही. तिथे तिपाईवरची मोठी दुर्बीणच हवी, त्याबद्दल या साधनाला दोष देण्यात अर्थ नाही.

दोष द्यायचा तो दृश्यक्षेत्राला. ६.४ अंश म्हणजे हजार मीटरवर सुमारे ११२ मीटर रुंदीचे दृश्य. त्याच कंपनीच्या एम७ ८×४२ मध्ये ते ८.३ अंश, म्हणजे सुमारे १४५ मीटर मिळते. लाटेच्या कडेने धावणारे सँडरलिंग हे लहान किनारपक्षी वाऱ्यात एकदम उठून वळतात तेव्हा अरुंद चौकटीतून अर्धा थवा निसटतो. जंगलात मी हे चालवून घेईन, मोकळ्या किनाऱ्यावर ते खटकते.

चष्मा वापरणाऱ्यांना १९.५ मिलिमीटरचे नेत्रांतर (पूर्ण चित्र दिसेल असे डोळा आणि भिंग यांतले अंतर) पुरेसे आहे. आयकप (डोळ्यांकडच्या भिंगांभोवतीच्या रबरी कडा) खाली फिरवून घेतले, की पूर्ण चित्र दिसते, अर्थात चष्म्याच्या काचा तुम्हालाच पुसत राहावे लागते. ६३० ग्रॅम वजन मानेला दिवसभर सुसह्य वाटते. वाऱ्यात हात हलतो, तेव्हा दहापेक्षा आठ पटींचे चित्र अधिक स्थिर राहते, म्हणून या हवेत मी दहाचा आग्रह धरणाऱ्यांशी सहमत नाही. पक्षी जवळ यावेत यासाठी भिंगांपेक्षा भरतीचे वेळापत्रक अधिक कामाचे आहे: ओहोटीला आक्षीची वाळू दूरवर उघडी पडते, आणि चढत्या भरतीबरोबर पक्षी आपोआप किनाऱ्याकडे सरकतात.

परतल्यावर भिंगे कोरड्या कापडाने मुळीच पुसू नयेत, कारण खाऱ्या तुषारांतले मीठ आणि बारीक वाळू काचेवरच्या लेपाला ओरखडे पाडतात. ही दुर्बीण जलरोधक असल्यामुळे गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरता येते, आणि मगच मऊ कापड लावावे. वर्षातून काही वेळा किनाऱ्यावर जाणाऱ्याला मी एम५ घ्यायला सांगेन. ज्याचे हिवाळे किनाऱ्यावरच जातात, त्याने थोडे थांबून एम७ साठी पैसे जमवावेत.