बिलात सहा ब्रास खडी, भिंतीमागे नुसती माती

रत्नागिरी जिल्ह्यात उताराच्या जागेवर घर बांधताना पावसाचे पाणी आणि माती अडवण्याच्या कामात आमची जी फसवणूक झाली, ती तपशिलाने लिहीत आहे, कारण हे काम मातीखाली गाडले जाते आणि पहिल्या मोठ्या पावसापर्यंत त्यातील खोट दिसत नाही. तोवर ठेकेदाराचे बिल चुकते झालेले असते.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या थराखालची चिकण माती भिजली की सुटू लागते, त्यामुळे घरासाठी उतार कापला की वरच्या पाण्याची व्यवस्था आधी करावी लागते. आमच्या अंदाजपत्रकात यासाठी तीन कामे होती: कापलेल्या दरडीच्या माथ्यावर पाणी बाजूला वळवणारा चर, तिच्या पायथ्याशी ६० फूट लांब व १० फूट उंच दगडी रिटेनिंग वॉल, आणि खालच्या कोपऱ्यात गाळ बसण्यासाठी खड्डा.

यांपैकी खरा पैसा भिंतीत होता. भिंत आणि दरड यांच्यामध्ये एक फूट जाडीचा खडीचा थर, खडीत माती शिरू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड, आणि साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीत आरपार पाइप, असे ठरले होते. साठ गुणिले दहा गुणिले एक म्हणजे ६०० घनफूट, अर्थात सहा ब्रास खडी. बिलात ती होती, चलनेही जोडलेली होती. काम सुरू असताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत होते. त्या फोटोंतील दरड काळ्या मुरमाची होती आणि आमच्या जागेत तर तांबड्या जांभ्याशिवाय काही नाही, हे पुढे सगळे कागद एकत्र मांडल्यावर लक्षात आले.

जुलैत खालच्या आगराच्या मालकांचा, शेजारच्या काकांचा, फोन आला. "पोफळींच्या बुंध्यांत तुमची माती येऊन बसली आहे, आणि विहिरीचे पाणीही लाल झाले आहे," असे ते म्हणाले, आणि त्यांचा राग अगदी रास्त होता. जागेवर गेल्यावर दिसले की माथ्यावरचा चर जेमतेम वीतभर खोल होता आणि मध्येच संपत होता. गाळाचा खड्डा मात्र व्यवस्थित खणलेला होता, फक्त तो पाण्याच्या वाटेवर नव्हे, तर उंचवट्यावर होता. पाणी स्वतःहून वर चढले असते तरच त्यात गाळ बसला असता. सर्वांत चिंतेची गोष्ट म्हणजे धो धो पाऊस पडत असताना भिंतीतील एकाही पाइपमधून थेंब गळत नव्हता आणि भिंतीला मधोमध पोट आले होते.

आम्ही नेलेल्या अभियंत्यांनी एका पाइपमध्ये सळई घातली. ती अर्ध्या फुटावर अडली. पाइपचे तुकडे दर्शनी बाजूने नुसते खोचलेले होते, आरपार एकही नव्हता. वरून थोडे खोदल्यावर खडीच्या जागी खणून काढलेलीच माती आणि कापडाच्या जागी सिमेंटची रिकामी पोती निघाली. भिंतीमागे दहा फुटांपर्यंत पाणी साचले तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर केवळ पाण्याचाच साडेचार टनांहून अधिक रेटा येतो, आणि भिजलेल्या मातीचा भार त्याशिवाय. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ रोजी पावसात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा बळी गेला होता; आमच्या भिंतीखाली त्या वेळी कोणी राहत नव्हते, एवढाच फरक.

ठेकेदाराचे उत्तर ठरलेले होते: "यंदा पाऊसच तसा झाला." आमच्याकडचे गडगे त्याच पावसात उभे होते, कारण सुक्या रचलेल्या दगडांच्या फटींतून पाणी निघून जाते. खडीची चलने ज्या खाणीच्या नावाची होती, तेथे चौकशी केली असता त्या क्रमांकांची चलने त्यांच्या वहीत सापडली नाहीत.

दुरुस्तीसाठी नव्या माणसाशी करार करताना हप्ते वेगळ्या रीतीने बांधले. आधी माथ्याचा चर पूर्ण होईल, मगच दरडीला हात लागेल. खडी भरताना दर दोन-तीन फुटांच्या थराला मोजपट्टी धरून, मागे आमचीच दरड दिसेल असा फोटो घेतला जाईल. प्रत्येक पाइपमध्ये मागच्या बाजूने पाणी ओतून ते पुढे येते हे पाहिल्यावरच वरची माती टाकली जाईल आणि त्यानंतरच त्या टप्प्याचे पैसे मिळतील. असा करार करायला दोन ठेकेदारांनी नकार दिला, तिसऱ्याने मान्य केला.

पहिल्या ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार केली आहे. घरबांधणी ही ग्राहक कायद्यानुसार सेवा ठरते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. बिले, चलने, मूळ फोटो आणि अभियंत्यांचा अहवाल जोडला असून सुनावणी अद्याप व्हायची आहे.