आर्म लॅपटॉपवर इंटेलचे जुने प्रोग्राम : एम्युलेशन की रिमोट डेस्कटॉप?

आर्म प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप घ्यायचा आहे, पण रोजीरोटी ज्या प्रोग्रामवर चालते तो इंटेलसाठी लिहिलेला आहे, अशांपुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत : विंडोज ११ मधील प्रिझम एम्युलेटर (इंटेलचे प्रोग्राम आर्मवर चालवून देणारी सोय), किंवा जुना इंटेल संगणक चालू ठेवून लॅपटॉपवरून त्यावर रिमोट डेस्कटॉपने काम करणे. नागपुरात महाल भागात माझे डीटीपीचे काम आहे आणि मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

२०२४ मध्ये आलेल्या प्रिझमबद्दल माझी तक्रार नाही. तो इंटेलच्या सूचना आर्मच्या सूचनांमध्ये बदलतो आणि बदललेला भाग जपून ठेवतो. माझा हिशेबाचा जुना प्रोग्राम त्यावर असा चालला, की फरक जाणवला नाही, आणि मे महिन्याच्या दुपारीही लॅपटॉप फारसा तापला नाही.

काम अडले ते डोंगलपाशी. माझा अक्षरजुळणीचा प्रोग्राम यूएसबी डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची किल्ली म्हणून लावायच्या छोट्या उपकरणाशिवाय, उघडत नाही. डोंगल लावला, पण त्याचा दिवा लागला नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह दिसले. प्रिझम प्रोग्राम चालवतो. उपकरण ओळखून चालवणारा ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात चालतो, तिथे एम्युलेशन नसते आणि तो आर्मसाठीच बांधलेला लागतो. या डोंगलचा तसा ड्रायव्हर मला मिळाला नाही. हा प्रोग्राम सोडून युनिकोडकडे, म्हणजे आजच्या प्रमाणित अक्षरसंकेताकडे, वळावे, तर माझ्या साऱ्या लग्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. एक रूपांतरित करून पाहिली, तेव्हा ‘मुहूर्त’मधला रफार ‘हू’वर जाऊन बसला होता, भर लग्नसराईत असे एकेक अक्षर तपासणे मला शक्य नाही. क्यूईएमयू या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये संपूर्ण इंटेल संगणकाचे सोंग उभे करून डोंगल दिसला खरा, पण पान सरकायलाच इतका वेळ लागे, की तो विचार सोडला.

रिमोटमध्ये डोंगल जुन्या संगणकालाच राहतो, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, कारण होम आवृत्ती अशी जोडणी स्वीकारत नाही; शिवाय संगणक आणि राउटर दोन्हींना यूपीएस लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मी तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ घरच्या नेटवर्कवर ठेवला आहे. टाइप करताना किंचित विलंब जाणवतो, पण त्याची सवय होते.

ज्यांच्या कामात डोंगल किंवा आर्मचा ड्रायव्हर नसलेले जुने स्कॅनर नाही, त्यांना कदाचित प्रिझम पुरेसा ठरेल. माझ्यासारखे काम असेल, तर मी रिमोटच सुचवेन. मात्र काही प्रोग्राम रिमोट जोडणीत परवाना नाकारतात. माझ्या प्रोग्रामने नाकारला नाही, तरी नव्या लॅपटॉपचे पैसे भरण्यापूर्वी हाताशी असलेल्या कोणत्याही लॅपटॉपवरून जोडून, एक पत्रिका उघडून आणि छापून पाहावी.